बेअर्स हरतात, त्याचं खापर पोरावर का?

ताई, नमस्कार.

मी मूळचा साताऱ्याचा. २०१० पासून शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातल्या लोकांनी बेअर्सचा, म्हणजे शिकागोच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, नाद लावला. तो सीझन भारी गेला आणि जानेवारी २०११ मध्ये सोल्जर फील्डवर, आपल्याच घरात, ग्रीन बे पॅकर्सकडून हरून संपला. तेव्हापासून मी अडकलोय. जानेवारी २०१९ मध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध आपल्या कोडी पार्कीची, सामना जिंकून देऊ शकणारी ती किक उभ्या खांबाला लागून आडव्या दांडीवर आपटली, तेव्हा मी स्टेडियममध्ये होतो. एका मित्राबरोबर सीझन तिकिटंही घेतलेली आहेत.

यंदा, २०२४ च्या एप्रिलमध्ये, ड्राफ्टमध्ये म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत केलेब विल्यम्सला पहिल्या क्रमांकाने घेतलं, तेव्हा वाटलं आता आपले दिवस आले. पहिल्या सहापैकी चार सामने जिंकलोही. मग २७ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये शेवटच्या प्लेवर ती हेल मेरी झाली, समोरच्यांनी देवावर भरवसा ठेवून फेकलेला लांबच लांब पास झेलला गेला आणि आम्ही हरलो. मी मित्राकडे दिवाळीच्या फराळाला गेलो होतो. ताट तसंच ठेवून उठलो आणि गाडीत जाऊन बसलो. बायको-मुलगा बाहेर येईपर्यंत तिथेच. त्या दिवसापासून सलग दहा सामने हरलोय.

थँक्सगिव्हिंगला घरी पाहुणे होते. डेट्रॉइटमध्ये हातात टाइमआउट, म्हणजे घड्याळ थांबवायची मुभा, असताना आपल्या लोकांनी घड्याळ संपू दिलं. मी ओरडायला लागलो. माझा दहा वर्षांचा मुलगा केलेबची अठरा नंबरची जर्सी घालून समोर बसला होता. "काढ ती आधी," असं म्हणालो. त्याने काढली आणि मी ती दान करायच्या कपड्यांच्या पिशवीत कोंबली. त्याच रात्री केलेबला इन्स्टाग्रामवर मेसेज टाकला. त्याच्या रंगवलेल्या नखांवरून, आणि कॉलेजात एकदा हरल्यावर आईच्या गळ्यात पडून रडला होता त्यावरून. आता मुलगा माझ्याबरोबर मॅच बघत नाही, अभ्यास आहे म्हणतो. बायको म्हणते, हे खूळ बंद करा. सांगा ताई, हा पोरगा खरंच क्वार्टरबॅक आहे की आमची पुन्हा फसगत झाली? आणि मी बघणं सोडू का?

— एक बेअर्सवेडा, नेपरव्हिल

प्रिय बेअर्सवेडे,

ती पिशवी अजून गराजमध्ये पडलेली असेल तर आज संध्याकाळी जर्सी काढा, धुवा आणि मुलाच्या हातात द्या. पिशवी गेली असेल तर नवी आणा. अठरा नंबरचीच आणा. तुमचे फुटबॉलचे प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात आणि त्यांची उत्तरं मी देणार आहे. पण हे काम त्यांच्या आधीचं आहे, बेअर्स जिंकण्याची वाट बघत ते लांबवू नका.

देताना फार बोलू नका. "मी चिडलो होतो आणि तो राग तुझ्यावर काढला. सगळ्यांसमोर तुला जर्सी काढायला लावली, ते चुकलं." एवढं पुरे. त्याला 'पण' जोडू नका. "पण ते खेळतातच असं," असं म्हणालात की माफी तिथेच संपते आणि मुलाच्या लक्षात राहतं ते पुढचंच. त्याने जर्सी लगेच घातली नाही, खाली येऊन शेजारी बसला नाही, तरी मागे लागू नका. चार पाहुण्यांदेखत झालेला अपमान दहा वर्षांचं मूल दोन दिवसांत विसरत नाही. त्याला वेळ लागेल आणि तो द्यावा लागेल.

एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे असं मला वाटतं. एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या रात्री तुमच्या घरात कोण नाचलं असेल, हे मी पत्रावरूनच सांगू शकते. हा हिरो मुलाला तुम्हीच दिलात आणि सात महिन्यांनी तुम्हीच काढून घेतलात. मधल्या काळात त्या मुलाने काय केलं? संघ एकामागून एक सामने हरत असताना तो तीच जर्सी घालून भरल्या घरात टीव्हीसमोर बसला. त्या दिवशी तुमच्या घरात सगळ्यात पक्का पाठीराखा तो होता, आणि त्यालाच तुम्ही उठवलंत.

आता केलेबकडे येते. हा खेळ न बघणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. बहुतेक प्रत्येक प्लेला चेंडू ज्याच्या हातात येतो आणि तो कुणाकडे फेकायचा हे ज्याला त्या क्षणी ठरवावं लागतं, तो क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंत करून उभे असतात, ती ऑफेन्सिव्ह लाइन. भिंत फुटली आणि चेंडू सुटायच्या आत त्याला लोळवलं की सॅक. केलेबला या पहिल्याच सीझनमध्ये साठाहून जास्त वेळा लोळवलंय आणि अजून एक सामना बाकी आहे. यंदा लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही क्वार्टरबॅकने इतका मार खाल्लेला नाही. १० नोव्हेंबरचा सोल्जर फील्डवरचा न्यू इंग्लंडविरुद्धचा सामना आठवा. नऊ सॅक झाले आणि बेअर्सचे गुण होते तीन. केलेबला त्या दिवशी तेवीस पूर्ण व्हायला आठवडा बाकी होता. दर वेळी तो उठला, हेल्मेट सारखं केलं आणि पुढच्या प्लेला उभा राहिला. हे मी त्याचं कौतुक म्हणून सांगते आहे, आणि तुम्हीही ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

सगळा दोष भिंतीचा नाही, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणते. चेंडू हातात आल्यापासून फेकेपर्यंत अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात समोरचा बचाव काय करतोय ते ओळखायचं, पहिला पर्याय बंद असेल तर दुसरा, मग तिसरा. कॉलेजात, यूएससीमध्ये असताना, केलेब हे सेकंद ताणायचा. इकडून तिकडे पळत, अंगावर आलेल्यांना चकवत काहीतरी जमवून आणायचा, आणि त्याच जोरावर त्याने २०२२ ची हाइझमन ट्रॉफी, कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा वैयक्तिक मान, मिळवली. इथे पाठलाग करणारेही चपळ असतात आणि त्याच्याहून कितीतरी वजनदार. चेंडू धरून ठेवायची ती सवय यंदा पुष्कळदा त्याच्या अंगाशी आली. लांबचे पासही वारंवार चुकले. गडी मोकळा सुटलेला आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून पुढे, असं किती वेळा झालं. हे सगळं खरं आहे. पहिल्या वर्षी जे शिकायचं असतं, ते यातलंच.

पण तुमच्या पत्रात वॉशिंग्टन आहे, डेट्रॉइट आहे, मधले ग्रीन बे आणि मिनेसोटाचे सामने नाहीत. का नाहीत? १७ नोव्हेंबरला पॅकर्स एका गुणाने पुढे होते. शेवटच्या मिनिटांत केलेबने संघाला फील्ड गोलच्या, म्हणजे किक मारून तीन गुण मिळवायच्या, टप्प्यात नेऊन उभं केलं. केरो सांतोसची किक पॅकर्सच्या हाताला लागून अडली. १९ विरुद्ध २० असे हरलात. पुढच्या रविवारी मिनेसोटाविरुद्ध दोन मिनिटंही उरली नव्हती आणि अकरा गुणांची पिछाडी होती. टचडाउनचे सहा गुण, वर दोन गुण, मग आखूड किक मारून चेंडू परत मिळवला, केलेबचा डीजे मूरला पास, आणि सांतोसच्या किकने बरोबरी. जादा वेळेत तीन गुणांनी हरलात. चार दिवसांनी थँक्सगिव्हिंग, डेट्रॉइट, पुन्हा तीन गुण. तीन सामने, तिन्ही आपल्याच विभागातल्या वैऱ्यांविरुद्ध, आणि सगळे मिळून सात गुणांनी गेलेले. तिन्ही वेळा हातातोंडाशी आलेला घास होता आणि तिन्ही वेळा तो तोंडापर्यंत आणणारा हाच पोरगा होता.

डेट्रॉइटचं शेवटचं मिनिट तर पुन्हा शांतपणे बघाच. मध्यंतराला सोळा-शून्य अशी अवस्था होती. दुसऱ्या अर्ध्या खेळात केलेबने तीन टचडाउन पास दिले आणि शेवटी संघाला डेट्रॉइटच्या हद्दीत आणलं. फील्ड गोल झाला असता तर बरोबरी होती. मग सॅक. घड्याळात साधारण बत्तीस सेकंद राहिलेले आणि एक टाइमआउट शिल्लक. गडी उठतायत, जागेवर येतायत, घड्याळ चालू आहे. बाजूला उभ्या असलेल्या कोचने टाइमआउट घेतला नाही. चेंडू पुन्हा खेळात आला तेव्हा सहा सेकंद उरले होते. एक लांब पास, तो खाली पडला आणि खेळ खलास. सामन्यानंतर मॅट इबरफ्लस यांनी आपल्या निर्णयाची पाठराखणच केली. दुसऱ्या दिवशी त्यांना काढलं. शंभर वर्षांहून जुन्या या संघाने सीझनच्या मध्यात हेड कोचला काढण्याची ही पहिली वेळ. ज्या अर्ध्या मिनिटासाठी थेट हेड कोचची नोकरी गेली, त्याच अर्ध्या मिनिटासाठी तुम्ही तुमच्या मुलाची जर्सी काढली. जरा विचार करा.

आणि 'पुन्हा फसगत' असं लिहिलंत म्हणून जरा मागे जाऊ. २०१७ मध्ये बेअर्सनी एक पायरी वर सरकून दुसऱ्या क्रमांकावर मिचेल ट्रुबिस्कीला घेतलं. पॅट्रिक महोम्स तेव्हा दहाव्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता, याची हळहळ शिकागोत आजही ऐकू येते. मला त्याहून दुसरी गोष्ट खुपते. ट्रुबिस्की आला तेव्हा हेड कोच होते जॉन फॉक्स, आणि तो सीझन संपताच फॉक्स गेले. २०२१ मध्ये जस्टिन फील्ड्स आला तेव्हा कोच मॅट नेगी, आणि तो सीझन संपताच नेगी गेले. फील्ड्सच्या पहिल्याच स्टार्टला क्लीव्हलंडने त्याला नऊ वेळा लोळवलं आणि अख्ख्या संघाची सामन्यातली निव्वळ चाल भरली सत्तेचाळीस यार्ड. २०२४ मध्ये केलेब आला तेव्हा कोच इबरफ्लस, आणि ते तर सीझन संपायचीही वाट न बघता गेले. तिन्ही वेळा नवशिका पोरगा अशा कोचच्या हाती दिला, ज्याची स्वतःची खुर्ची डळमळत होती. ज्या कोचला उद्या नोकरी राहील की नाही याची खात्री नाही, तो पोराला तीन वर्षांच्या हिशेबाने कसा घडवणार? त्याला येता रविवार जिंकायचा असतो.

यंदा तर कहर झाला. १२ नोव्हेंबरला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाची आखणी करणारे कोच, शेन वॉल्ड्रन यांना काढलं. त्यांच्या जागी थॉमस ब्राउन आले. अडीच आठवड्यांत इबरफ्लस गेले आणि त्याच ब्राउन यांच्या गळ्यात हेड कोचची माळ पडली. पहिलीतल्या मुलाला दिवाळीच्या आधी एक बाई, दिवाळीनंतर दुसऱ्या, आणि त्या दुसऱ्या बाईंनाच महिन्याभरात मुख्याध्यापक करून टाकलं, तर अक्षर सुधारत नाही म्हणून आपण मुलाला ओरडणार का? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून सांगते, तुमचा राग चुकीचा नाही. चौदा वर्षं जीव लावलाय, राग येणारच. तो चुकीच्या माणसावर निघतोय. वड्याचं तेल वांग्यावर. भिंत कुणी बांधली, कोच कुणी ठेवला, त्याला काढायला उशीर कुणी केला, हे विचारायचं तर जनरल मॅनेजर रायन पोल्स आहेत, अध्यक्ष केव्हिन वॉरेन आहेत, मालक घराणं आहे. पगार आणि अधिकार दोन्ही त्यांच्याकडे आहेत. २६ डिसेंबरला सीअॅटलविरुद्ध तीन विरुद्ध सहा असे हरताना सोल्जर फील्डवर लोक 'संघ विका' म्हणून ओरडत होते. तुम्हीही असाल कदाचित. त्या ओरडण्याला मी वाईट म्हणणार नाही. ते निदान योग्य दिशेला तोंड करून होतं.

हा पोरगा क्वार्टरबॅक आहे का? याचं पक्कं उत्तर आज कुणाकडेच नाही, आणि जो छातीठोकपणे देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पेटन मॅनिंगने १९९८ मध्ये पहिल्या वर्षी २८ इंटरसेप्शन, म्हणजे थेट विरुद्ध संघाच्या हातात गेलेले पास, फेकले. नवख्याच्या नावावरचा तो नकोसा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे, आणि त्याच्या संघाने सोळापैकी तीन सामने जिंकले. ट्रॉय एकमनने १९८९ मध्ये सुरुवात केलेल्या अकराच्या अकरा सामन्यांत हार खाल्ली आणि तीन सीझननंतर सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम लढत, जिंकला. जॅरेड गॉफने २०१६ मध्ये सात सामने खेळून सातही हरले. पुढच्या वर्षी नवा कोच आला, शॉन मॅकवे, आणि तोच गॉफ ओळखू येईना. थँक्सगिव्हिंगला तुम्हाला हरवणाऱ्या डेट्रॉइटचा क्वार्टरबॅक तोच गॉफ. आणि तुमच्याच घरातलं उदाहरण हवं असेल तर वॉल्टर पेटनने १९७५ मध्ये पहिल्या सामन्यात आठ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली आणि एकूण चाल भरली शून्य यार्ड. त्या माणसाचं नाव शिकागोत आज कसं घेतात, ते तुम्हाला मी सांगायला नको.

उलटं उदाहरणही सांगते, नाहीतर ही नुसती समजूत घालणं होईल. डेव्हिड कार, २००२, ह्यूस्टन. तोही पहिल्या क्रमांकावर आलेला. पहिल्या वर्षी त्याला ७६ वेळा लोळवलं, आणि एका सीझनमधला तो आकडा आजवर कुणी ओलांडलेला नाही. पुढच्या वर्षांतही त्याच्यासमोर भिंत नीट उभी राहिली नाही आणि ज्यासाठी त्याला घेतलं होतं तो खेळ त्याच्याकडून कधीच झाला नाही. म्हणजे मार खाऊन पोरं घडतात हा समज खोटा आहे. काही घडतात, काही मोडतात, आणि यातलं काय होणार हे बरंचसं त्यांच्या आजूबाजूच्या मोठ्या माणसांच्या हातात असतं. केलेबच्या बाजूने माझ्याकडे एक ठोस गोष्ट आहे. ऑक्टोबरपासून परवाच्या सीअॅटलच्या सामन्याच्या शेवटापर्यंत त्याने एकामागून एक ३५३ पास फेकले आणि त्यातला एकही विरुद्ध संघाच्या हातात गेला नाही. पहिल्या वर्षीच्या खेळाडूने असं याआधी कधी केलेलं नव्हतं. इतका मार खात असताना चेंडू इतका जपणारं डोकं वाया गेलेलं नाही. माझं मत विचाराल तर हा पोरगा टिकेल, त्याला टिकू दिलं तर.

आता तो मेसेज. तो आजच काढून टाका. त्याने वाचला असेल की नाही हा प्रश्न सोडा, असे हजारो येत असतील. पण तो तुम्ही लिहिलाय. त्याची आई नखं रंगवायचं काम करते, त्यातूनच त्याला ती आवड लागली. आईचं काम बोटांवर मिरवणाऱ्या मुलाला त्यावरून हिणवण्यात कसली मर्दुमकी? आणि रडण्याचं म्हणाल, तर २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये यूएससी हरल्यावर तो प्रेक्षकांत चढून आईपाशी गेला आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, हे मीही पाहिलंय. तुमचा मुलगा दहा वर्षांचा आहे. उद्या कॉलेजात काहीतरी मनाविरुद्ध घडलं, चारचौघांत हरला, तर तो कुणाकडे यावा असं तुम्हाला वाटतं? दोन-तीन वर्षांत त्याच्या हातात फोन येईल. बाबा लोकांना काय लिहितात ते तो वाचेल. घरात काय बोलता ते तर आत्ताच ऐकतोय. "अभ्यास आहे" म्हणून वर जाणारा मुलगा जिन्यावर थांबून ऐकत असतो, हे आईबापांनी गृहीत धरावं.

पत्रात उल्लेख नाही, तरी विचारते. पैसे लावता का? इलिनॉयमध्ये फोनवर दोन बोटं फिरवली की पैज लागते आणि पुष्कळ सुशिक्षित घरांत हे गुपचूप चाललेलं असतं. तसं असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा, आधी बायकोला खरं सांगा आणि मला वेगळं पत्र लिहा. ती गोष्ट निराळी आहे आणि तिचा इलाजही.

बघणं सोडायचं का? नाही. तुमच्या पत्नीला हे आवडणार नाही, पण माझं मत मी लपवत नाही. माणूस नव्या देशात, उणे वीस तापमानाच्या हिवाळ्यात उतरतो, सोमवारी सकाळी ऑफिसात कुणाशी काय बोलावं कळत नाही, आणि एक संघ त्याला बोलायला विषय देतो, मित्र देतो, वैरी देतो. ग्रीन बेचा राग करायला लागलात त्या दिवशी तुम्ही खऱ्या अर्थाने शिकागोचे झालात. हे छोटं काम नाही. ते खूळ म्हणून फेकून देऊ नका. पण पत्नीची तक्रारही फुटबॉलबद्दल नाही, असं मला वाटतं. तिला गाडीत अंधारात बसलेला नवरा नको आहे, आणि पाहुण्यांसमोर मुलाला खाली बघायला लावणारा तर मुळीच नको. तिच्याशी बोलताना बेअर्सची बाजू मांडू नका, हे बोला.

काही गोष्टी उद्यापासून करता येतील. मॅच चालू असताना मित्रांचा व्हॉट्सअॅप ग्रुप बंद ठेवा. तिथे जो सगळ्यात वाईट बोलतो त्याला सगळ्यात जास्त अंगठे मिळतात आणि तुमचाही आवाज आपोआप चढतो. गाडीत मुलगा असताना स्पोर्ट्स रेडिओ लावू नका. हरल्यावर जॅकेट घाला आणि चक्कर मारून या, एकटे, पण बायकोला सांगून. ज्यांच्याकडून फराळाचं ताट टाकून उठलात त्यांना फोन करा. संक्रांत येतेच आहे, घरी बोलवा.

राहिला तो मोठा राग, त्याची सोय तुमच्याच हातात आहे. सीझन तिकिटांच्या नूतनीकरणाची पत्रं येतील. लगेच पैसे भरू नका, आणि का थांबलात ते दोन सभ्य परिच्छेदांत क्लबला लिहून कळवा. शिवाय याच संघाने यंदा एप्रिलमध्ये, केलेबला घ्यायच्या आदल्याच दिवशी, तलावाकाठच्या नव्या बंदिस्त स्टेडियमचा अब्जावधी डॉलरचा आराखडा मांडला आणि त्यात सार्वजनिक पैसा मागितला. तुम्ही इलिनॉयमध्ये कर भरता. त्याबद्दल तुमचं जे मत असेल ते राज्याच्या राजधानीतल्या, स्प्रिंगफील्डमधल्या तुमच्या प्रतिनिधीला कळवा. अशी पत्रं कुणीतरी उघडून वाचतं. टीव्हीला दिलेल्या शिव्या फक्त जिन्यावर ऐकू जातात.

५ जानेवारीला ग्रीन बेमध्ये शेवटचा सामना आहे. मुलाला बोलवा, आग्रह करू नका. आला तर या वेळी त्याला तुम्हाला समजावू द्या. दहा वर्षांच्या मुलाला आपल्या हिरोबद्दल बापाहून जास्त माहिती असते. स्वतः एवढंच बघा की चेंडू केलेबच्या हातातून किती लवकर सुटतोय आणि पहिला पर्याय बंद झाल्यावर तो दुसरीकडे बघतोय का. सीझन गेलेलाच आहे, गुणफलकातून आता काही हाती लागणार नाही. या दोन गोष्टींतून लागेल.

आणि जानेवारीत नवा हेड कोच निवडतील, तेव्हा त्याची भाषणं ऐकत बसू नका. त्याने याआधी कुठल्या क्वार्टरबॅकला शिकवलं आणि त्या क्वार्टरबॅकचं दुसरं वर्ष कसं गेलं, ते शोधा. मुलालाही शोधायला सांगा. दोघांचं मत वेगळं पडलं तर दोन्ही मला कळवा.

तुमची,
ताई